आयते की तिऱ्हाईत?

विस्मरण हा मनुष्याचा स्वभाव आहे आणि टिपण हा त्यावरील सर्वांत जुना उपाय आहे. दुधाचा हिशेब कोळशाने भिंतीवर लिहिणारी आजी आणि पक्षकाराची पुढील तारीख रोजनिशीत लिहिणारा वकील हे दोघेही एकाच संप्रदायाचे उपासक होत. आता ती भिंत, ती पाटी, ती रोजनिशी आणि ती खतावणी अशी सारी मंडळी एका वीतभर यंत्रात येऊन बसली आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही त्या यंत्रात येऊन बसला आहे.

हा प्रश्न आम्हांस न्यायालयाच्या व्हरांड्यात विचारला जातो, देवळाच्या सभामंडपात विचारला जातो, आणि क्वचित लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. “वकीलबाब, फोनांत आसा तेंच वापरूं, काय भायलें एकादें घालूं?” असे गेल्या जत्रेच्या बैठकीत एका महाजनांनी आम्हांस विचारले तेव्हा त्यांच्या मनात पुष्कळ काही होते. फोन विकत घेतला की त्यात टिपणवही असते, दिनदर्शिका असते, कामांची यादी असते, पत्रपेटी असते. तरीही शेजारचा मुलगा सांगतो की अमुक कंपनीचे ॲप अधिक चांगले. भाचा सांगतो की तमुक घ्या, वर्षाला थोडे पैसे पडतात, पण काम झटकन होते. आयते आलेले वापरावे, की बाहेरून आणावे?

बाहेरून आणलेल्या अशा ॲपास इंग्रजीत ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आमच्या धंद्यात त्यासाठी तिऱ्हाईत हा जुना, घोटलेला शब्द आहे. खरेदीखतात लिहून देणार एक आणि लिहून घेणार दुसरा. या दोघांखेरीज जो कोणी त्यात येईल तो तिऱ्हाईत. येथे लिहून देणार म्हणजे यंत्र घडवणारी कंपनी, लिहून घेणार म्हणजे आपण. दोघांच्या मध्ये जो आपले दुकान मांडतो तो तिऱ्हाईत ॲपवाला. शब्द कायद्याचा असल्यामुळेच की काय, या प्रश्नाकडे आम्ही कायद्याच्या डोळ्याने पाहू लागलो, आणि पाहता पाहता आमचे मत असे झाले की मूळ प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. तो कसा, हे सांगण्यापूर्वी दोन्ही पक्षांचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट होय.

२००७ साली ॲपल कंपनीचा पहिला आयफोन आला तेव्हा त्यात ‘नोट्स’ नावाची एक वही होती. पिवळ्या रेघी कागदाचा देखावा, त्यावर चार ओळी लिहाव्यात आणि वाचाव्यात, याहून अधिक त्यात काही साधत नसे. कामाची आठवण करून देणारे ‘रिमाइंडर्स’ तर २०११ पर्यंत त्या फोनात नव्हतेच. घर भाड्याने दिले, पण चूल मांडून दिली नाही, तर बिऱ्हाडकरू खाणावळ शोधणारच. अशा खाणावळी पुष्कळ निघाल्या. २००८ साली एव्हरनोट आले. २०१० साली बर्लिन शहरातील तरुणांनी वुंडरलिस्ट काढले. टुडुइस्ट तर २००७ पासूनच चालू होते. लोकांनी त्यांत आपली टिपणे, बिले, पाककृती, औषधांच्या वेळा असे सारे काही भरले.

पुढे घरमालक जागा झाला. २०१५ साली नोट्समध्ये याद्या करण्याची, चित्र काढण्याची आणि कागद जोडण्याची सोय झाली. २०१७ मध्ये कागदाचे छायाचित्र घेऊन ते सरळ करून ठेवता येऊ लागले. २०१९ मध्ये रिमाइंडर्सची सारी बांधणीच नव्याने झाली. म्हणजे ज्या उणिवांवर तिऱ्हाईतांची दुकाने चालत होती त्या एकेक करून भरून निघाल्या. हा व्यवहार नवा नाही. २००२ साली कारेलिया नावाच्या एका लहान कंपनीचे ‘वॉटसन’ हे साधन लोकप्रिय असतानाच ॲपलने आपल्या ‘शेरलॉक’ या साधनात तशाच सोयी घालून ते संगणकाबरोबर आयते दिले. तेव्हापासून त्या धंद्यात एखाद्याचे दुकान अशा रीतीने बसले म्हणजे तो ‘शेरलॉक झाला’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

आता कायदा यावर काय म्हणतो? एक माल दुसऱ्याच्या गळ्यात बांधून देणे हा बाजारपेठेच्या कायद्यातील जुना वाद आहे. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तो याच कारणाने. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर जोडून देऊन कंपनी प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवते, असा त्यातील एक प्रमुख आरोप होता. २००१ साली अपील न्यायालयाने मक्तेदारी टिकवण्याच्या गैरमार्गांबद्दलचा ठपका कायम ठेवला. मात्र जोडून देण्याचा मुद्दा अधिक साक्षेपी कसोटीने तपासण्यासाठी खाली परत पाठवला. युरोपीय आयोगाने २००४ साली त्याच कंपनीस विंडोजबरोबर मीडिया प्लेअर बांधून देण्यासह दोन बाबींबद्दल ४९ कोटी ७० लक्ष युरोंचा दंड केला. आपल्या देशात २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांत गूगलची ॲपे एकगठ्ठा घालावयास लावण्यासह अनेक कारणांसाठी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील अधिकरणाने त्यातील काही निर्देश रद्द केले तरी दंड कायम ठेवला.

या निवाड्यांच्या मुळाशी मनुष्यस्वभावाचे एक निरीक्षण आहे, आणि ते आम्हांस दंडाच्या आकड्यांहून मोलाचे वाटते. जे आधीच समोर मांडून ठेवलेले असते ते मनुष्य निवडत नाही. ते त्याच्याकडून वापरले जाते. पानात वाढलेले पहिले आपण खातो, मग ते आपल्या आवडीचे असो वा नसो. म्हणून ‘आम्ही आयतेच वापरतो’ हे वाक्य बहुतेकदा निर्णयाचे नसून आळसाचे असते. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. ‘आम्ही बाहेरचे आणले’ हे वाक्यही अनेकदा निर्णयाचे नसून हौसेचे असते. नवी रोजनिशी आणली म्हणजे नवे वर्ष नीट जाईल असे वाटावे, तसे नवे ॲप घातले म्हणजे कामे आपोआप होतील असे वाटते. महिन्याभराने ती रोजनिशी कोरीच असते आणि ॲपही.

तिऱ्हाईतांच्या नशिबाची कथा मात्र सावधपणे वाचावी अशी आहे. सनराइज नावाची एक सुरेख दिनदर्शिका होती. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी बंद केली. मेलबॉक्स ही पत्रपेटी ड्रॉपबॉक्सने २०१३ मध्ये घेतली आणि २०१६ मध्ये मिटवली. वुंडरलिस्टही मायक्रोसॉफ्टनेच २०१५ साली घेतले. त्याच्या जन्मदात्याने, क्रिश्चन रेबर यांनी, २०१९ साली आपले अपत्य परत विकत मागितले, पण ते मिळाले नाही, आणि ६ मे २०२० रोजी त्याचा दिवा मालवला. एव्हरनोट जिवंत आहे. पण २०२३ च्या आरंभी ते इटलीतील बेंडिंग स्पून्स या कंपनीच्या मालकीचे झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विनामूल्य खातेदारांस पन्नास टिपणे आणि एक वही एवढीच मर्यादा पडली. ज्याने वर्षानुवर्षे त्यात लिहिले त्याची जुनी टिपणे कोणी हिरावली नाहीत. परंतु दुकानाचा मालक बदलला म्हणजे उधारीचे नियम बदलतात, हे त्यास कळून चुकले.

यावरून आयतेच तेवढे शाश्वत असे कोणी अनुमान काढील तर ते घाईचे होईल. गूगलने स्वतःच काढलेली ‘इनबॉक्स’ ही पत्रपेटी २०१४ मध्ये जन्मली आणि २०१९ मध्ये मिटली. वृत्ते वाचण्याचे ‘रीडर’ २०१३ मध्ये बंद झाले. घरमालकही भिंती पाडतो, फक्त त्यास कोणाची परवानगी लागत नाही. उलट टुडुइस्ट हे तिऱ्हाईत असूनही आज इतक्या वर्षांनंतर आपल्या मूळ संस्थापकाच्याच कंपनीकडे आहे. तेव्हा कुळावरून टिकाऊपणाचा निवाडा करता येत नाही.

मग निवाडा कशावरून करावा? येथे आमच्या धंद्यातील उदाहरण देणे भाग आहे, कारण ज्या कामाची आपणांस खोलवर माहिती आहे त्यावरूनच साधनाची परीक्षा करता येते.

वकिलाच्या कामात मुदत हे दैवत आहे. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे तर मुदत तीस दिवसांची, उच्च न्यायालयात करावयाचे तर नव्वद दिवसांची. फोनातील दिनदर्शिकेस निकालाची तारीख सांगून तीस दिवस मोजावयास सांगितले तर ती निमूटपणे तीस मोजून दाखवते. परंतु १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम १२ सांगते की निकालाचा दिवस वगळावा आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा काळही वगळावा. कलम ४ सांगते की अखेरच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल केले तरी चालते. नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली, सुट्टी कोणती, हे दिनदर्शिकेस ठाऊक नाही, मग ती आयती असो की तिऱ्हाईत. हा हिशेब वकिलाने कागदावर करावयाचा, दोनदा पडताळावयाचा आणि मग केवळ आठवणीची घंटा म्हणून यंत्रात घालावयाचा. घंटा वाजवण्याचे हे काम आयती दिनदर्शिका उत्तम करते. त्यासाठी बाहेरचे काही आणण्याचे आम्हांस कारण दिसले नाही.

प्रकरणांच्या तारखांसाठी आम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचे ‘ईकोर्ट्स’ हे ॲप वापरतो. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो. तो घातला की मडगावच्या न्यायालयातील प्रकरण असो की फोंड्याच्या, त्याची पुढील तारीख दिसते. हे ॲप यंत्राबरोबर येत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने तेही तिऱ्हाईतच. पण माहितीचा उगम जेथे आहे तेथूनच ते ती आणून देते, आणि अशा तिऱ्हाईतास घरात घेण्यास कोणाचीच हरकत नसावी.

आमच्या कचेरीत एक तिऱ्हाईत आणखी आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. आमच्या हाताखालील दोन कनिष्ठ वकिलांपैकी एकाचा फोन एका जातीचा, दुसऱ्याचा दुसऱ्या जातीचा. आयत्या याद्या आपल्या जातीबाहेर फारशा सोयऱ्या जमवत नाहीत. तिघांस एकच यादी दिसावी, कोणते काम कोणी केले हे कळावे, एवढ्यासाठी दोन्हीकडे चालणारे एक ॲप आम्ही घेतले. ही नड एका वाक्यात सांगता येते, आणि अनुभवाने आमची अशी खूणगाठ झाली आहे की जी नड एका वाक्यात सांगता येत नाही तिच्यासाठी तिऱ्हाईत आणू नये.

देवस्थानांच्या कामातही अशी खरी नड आहे. यंत्रातील दिनदर्शिकेस ‘दर वर्षी पुन्हा’ असे सांगितले की ती इंग्रजी तारीख पकडून बसते. आपल्या जत्रा, पालख्या, वर्धापनदिन चालतात तिथीवर. यंदा ज्या तारखेस माघ शुद्ध सप्तमी पडली त्याच तारखेस ती पुढल्या वर्षी पडत नाही, आणि अधिक मास मध्ये आला तर सुमारे महिन्याचे अंतर पडते. आयत्या दिनदर्शिकांत भारतीय पंचांगाचे पर्याय आता कोठे येऊ लागले आहेत. तोवर जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली काढलेले ‘कालनिर्णय’ भिंतीवर होतेच. विचार केला तर घरोघरच्या भिंतीवर खिळ्यास टांगलेले तेच आपले सर्वांत यशस्वी तिऱ्हाईत ॲप होय. समितीच्या सचिवांनी पंचांगाचे एखादे ॲप फोनात घातले तर ते हौसेचे म्हणता येणार नाही.

आता मूळ प्रश्न चुकीच्या जागी उभा आहे असे आम्ही वर म्हटले, त्याकडे वळू. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाचे सचिव मोठे तळमळीचे गृहस्थ होते. सहा वर्षे त्यांनी कारभार निष्कलंक केला. सेवांच्या नोंदी, पालखीच्या मानाचा घरवार क्रम, कोणत्या कुटुंबाने कोणता अलंकार देण्याचे कबूल केले, मंडपवाल्याशी काय ठरले, हे सारे ते आपल्या फोनातील आयत्या टिपणवहीत लिहीत. वही नीटनेटकी होती, शोधण्यास सोपी होती आणि एक पैसाही पडत नव्हता. एका पावसाळ्यात ते अकस्मात निवर्तले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी स्वतः होऊन फोन समितीपुढे आणून ठेवला. खजिनदार आमच्याकडे आले ते म्हणाले, “फोन आसा, वकीलबाब, पूण ताचो कोड कोणाक खबर ना.”

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती कपाटात होत्या, म्हणून पैशाचा हिशेब जुळला. मानाच्या क्रमासाठी मात्र समितीस घरोघर फिरावे लागले. कोणी म्हणे आमची पाळी, कोणी म्हणे त्यांची झाली. आठ महिने त्यात गेले, आणि दोन घरांतील एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तो देवस्थानांचे प्रशासक या नात्याने मामलेदारांपुढे गेला. पिढ्यान्‌पिढ्या एका पंगतीस बसणारी ती दोन घरे आता एकमेकांकडे पाहत नाहीत. त्या सद्गृहस्थांस यात दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही, कारण अशीच वही आज कित्येक संस्थांच्या सचिवांच्या खिशात आहे.

या प्रसंगात ॲप आयते होते. ते तिऱ्हाईत असते तरी परिणामात तिळमात्र फरक पडला नसता. फरक पडला असता तो खाते कोणाच्या नावाचे होते यावरून. १९३३ च्या नियमनाखाली चालणाऱ्या गोव्यातील देवस्थानांच्या समित्या दर तीन वर्षांनी निवडल्या जातात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार बदलतात, देवस्थान राहते. म्हणून दप्तर देवस्थानाचे असावे लागते. फोनातील खाते मात्र व्यक्तीचे असते. त्यात लिहिलेले टिपण दहा जणांस दाखवण्याची सोय असली तरी ज्याच्या खात्यावर ते जन्मले त्याच्याच खात्याच्या आयुष्याशी त्याची गाठ बांधलेली असते.

कंपन्यांनी याचा काही विचार केला आहे हे नमूद करणे न्यायाचे होईल. गूगलने २०१३ पासून अशी सोय ठेवली आहे की खाते ठरावीक काळ निश्चल राहिले तर आपण नेमलेल्या व्यक्तीस त्यातील मजकूर मिळावा. ॲपलने २०२१ च्या अखेरीस वारसा-संपर्क नेमण्याची व्यवस्था केली. नेमलेल्या व्यक्तीस एक किल्ली मिळते आणि मृत्यूचा दाखला दिल्यावर तिला प्रवेश मिळतो. परंतु या दोन्ही सोयी हयातीत करून ठेवाव्या लागतात, आणि मृत्युपत्र करण्याबाबत आपला समाज जितका चालढकल करतो तितकाच याबाबतीतही करतो. शिवाय दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. संस्थांच्या नावाने घेतलेल्या खात्यांस ते लागू नाही. संस्थेचे खाते संस्थेच्या नावाने असावे, हे सांगण्यास याहून चांगले प्रमाण कोणते हवे?

आपल्या गोमंतकातील वडीलधाऱ्यांस हे तत्त्व चांगले ठाऊक होते. पोर्तुगीज अमदानीपासून आपल्याकडे दस्त लिहिला जातो तो नोटरीच्या वहीत. पक्षकार सह्या करतात आणि नक्कल घेऊन घरी जातात. मूळ त्या वहीतच राहते. पक्षकार वारला, नोटरीची बदली झाली, कोणाच्या घरास वाळवी लागली, तरी वही कचेरीत असते. १५९५ साली स्थापन झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात शतकांपूर्वीचे कागद आज अभ्यासकास उघडून वाचता येतात, कारण ते कोणा एका कारकुनाच्या पेटीत राहिले नाहीत. कागद सुरक्षित राहतो तो त्याच्या जाडीमुळे नव्हे. तो कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले असते म्हणून.

ताब्याबरोबरच गोपनीयतेचाही विचार आला. २०१६ च्या डिसेंबरात एव्हरनोटने जाहीर केले की यंत्रास शिकवण्याचे काम नीट होते की नाही हे पाहण्यासाठी त्यांचे काही नोकर ग्राहकांची टिपणे वाचू शकतील. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते धोरण मागे घेतले गेले. आम्हांस त्या घोषणेतून एवढेच कळले की वाचणे शक्य होते. ते न वाचणे हा केवळ सौजन्याचा भाग होता. पक्षकाराने वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या अनुमतीवाचून उघड करू नये असे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ सांगते. हे बंधन वकिलावर आहे, त्याच्या टिपणवहीच्या मालकावर नाही. म्हणून पक्षकाराचे मर्म आम्ही कोणत्याच ॲपात लिहीत नाही. ते कागदावर लिहितो आणि कागद कपाटात ठेवतो. देवस्थानाच्या गुप्तदानाच्या नोंदींसही आम्ही हाच न्याय लावू.

एवढ्या विवेचनावरून आमचा सल्ला वाचकांच्या ध्यानी आला असेल. प्रथम आयते वापरून पाहावे. घरगुती याद्या, औषधांच्या वेळा, मुलांच्या परीक्षा यांस ते पुरेसे असते. एका वाक्यात सांगता येईल अशी नड निघाली तरच तिऱ्हाईताकडे जावे. आणि कोणाच्याही दारात पाऊल टाकण्यापूर्वी बाहेर पडण्याचे दार कोठे आहे ते पाहावे. गूगलने २०११ पासून आपला सारा मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय दिली आहे. एव्हरनोटमधून वह्या बाहेर काढता येतात. ॲपलच्या नोट्समध्ये दुसरीकडून आत येण्याची वाट बरीच रुंद होती, परंतु त्या ॲपातून बाहेर जाण्याची वाट अनेक वर्षे एकेक टिपण पीडीएफ करून नेण्याएवढीच अरुंद होती. ज्या मंदिरास महाद्वार आहे त्यातून दर्शन घेऊन बाहेरही पडता येते. ज्या खोलीस आत जाण्याचेच दार आहे तिला आपण दुसरे नाव देतो.

सार्वजनिक कामासाठी आणखी एक पथ्य आहे, आणि ते सर्वांत सोपे असूनही सर्वांत कमी पाळले जाते. समितीचे खाते समितीच्या नावाने असावे, त्याची किल्ली एका लिफाफ्यात मोहोरबंद करून देवस्थानाच्या तिजोरीत असावी, आणि नवी समिती सूत्रे हाती घेते त्या दिवशी चाव्या, दागिने आणि पावतीपुस्तके यांच्या यादीत त्या लिफाफ्याचीही नोंद व्हावी व किल्ली बदलावी. ॲप आयते की तिऱ्हाईत, यावर समितीने मग खुशाल वाद घालावा.

खंडेनवमीस आपण आपापल्या धंद्याची हत्यारे पुजतो. सुताराची करवत, वैद्याचा खल, आमची कायद्याची पुस्तके, सर्वांस त्या दिवशी गंधफूल मिळते. अलीकडे काही घरांत संगणक आणि फोन यांनाही कुंकू लागलेले आम्ही पाहतो, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्यावर पोट चालते ते पूज्यच. आम्ही त्या दिवसास एक विधी जोडून घेतला आहे. फुले वाहण्यापूर्वी कचेरीतील प्रत्येक ॲपातील मजकूर बाहेर उतरवून घेतो, त्याची एक प्रत वेगळ्या साठ्यात ठेवतो, आणि जे खरोखर मोलाचे आहे ते कागदावर छापून बासनात बांधतो. अर्ध्या दिवसाचे काम असते. कनिष्ठ वकील प्रथम कुरकुरत. आता तेच दोघे आदल्या दिवशी कागदाची रिमे आणून ठेवतात.